कोविशिल्डची सख्खी बहीण

मुळशीत पौडपासून ताम्हिणीपर्यंत ज्यांनी करोनावरची कोविशिल्ड लस घेतली, त्यांच्या दंडात चिंपांझीचा एक विषाणू शिरला होता. सर्दी-पडशाच्या कुळातला हा अ‍ॅडिनोव्हायरस. वाढीसाठी लागणारं जनुक काढून टाकल्यामुळे तो पेशीत शिरतो, पण तिथे स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. चिंपांझीचाच का? माणसांतल्या अ‍ॅडिनोव्हायरसशी आपल्या शरीराची बहुधा आधीच गाठ पडलेली असते, आणि ओळखीच्या विषाणूला ते पेशीपर्यंत पोचू देत नाही.

हा विषाणू म्हणजे जनुक पेशीत नेणारा वाहक. कोविशिल्डमध्ये त्यात करोनाच्या काट्याचं जनुक होतं. ते काढून तिथे इबोलाच्या आवरणावरच्या प्रथिनाचं जनुक बसवलं की इबोलाची लस होते! गाडी तीच, माल वेगळा. अख्खा इबोला विषाणू लशीत कुठेच नसतो. आपल्याच पेशी ते एक प्रथिन बनवतात आणि शरीर शत्रूचा चेहरा शिकून घेतं.

२० सप्टेंबर २०२२ रोजी युगांडाने साथ जाहीर केली, तेव्हा या युक्तीची कसोटी लागली. साथ इबोलाच्या सुदान प्रकाराची होती. झैर प्रकारावर अर्व्हेबो ही लस २०१९ पासून मान्य होती. सुदानवर मात्र एकही नव्हती. ऑक्सफर्ड विद्यापीठाने दोन्ही प्रकारांची जनुकं एकाच वाहकात बसवलेली लस प्राथमिक चाचण्यांपर्यंत आणली होती. तिचे डोस बनवायला घेतले पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने.

कारखान्यातला भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. जो विषाणू वाढूच शकत नाही, तो वाढवायचा कसा? त्यासाठी मूळ मानवी मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या पेशी वापरतात. विषाणूचं हरवलेलं जनुक या पेशींनी स्वतःत सांभाळलेलं असतं. तिथे तो भराभर वाढतो. आपल्या दंडात आला की पुन्हा पांगळा. कोविशिल्ड तिथेच बनल्यामुळे ही सगळी विद्या पुण्यात रुळलेली होती, म्हणूनच काही आठवड्यांत हजारो डोस तयार झाले.

मालाची अशी अदलाबदल मुळशीतल्याच हिंजवडीतही झाली आहे. जिनोव्हा कंपनीने करोनावरची भारतातली पहिली एमआरएनए लस तिथे विकसित केली. तिला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, आणि वर्षभरात त्याच तंत्रावर करोनाच्या ओमायक्रॉन प्रकारासाठीची लसही आली. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात असल्याने साध्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत टिकते. अर्व्हेबोला मात्र साठवणीत उणे ६० अंशांहूनही थंड जागा लागते.

पुण्याचे डोस डिसेंबरात युगांडात पोचले, तोवर साथ ओसरली होती. रुग्णांचे संपर्क शोधून, त्यांच्यावर लक्ष ठेवून तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती आटोक्यात आणली. ११ जानेवारी २०२३ रोजी साथ संपल्याचं जाहीर झालं. रुग्णाच्या संपर्कातल्यांना आणि त्यांच्याही संपर्कातल्यांना लस द्यायची, म्हणजे रुग्णाभोवती लशीचं कडं करायचं, अशी चाचणी ठरली होती. पण रुग्णच उरले नाहीत, मग कडं करायचं कुणाभोवती? लस किती संरक्षण देते हे त्या वेळी कळलं नाही. तरी माणसं वाचली याचा आनंद त्याहून मोठा.

३० जानेवारी २०२५ रोजी इबोलाचा हाच सुदान प्रकार युगांडाच्या राजधानीत, कंपालात पुन्हा उगवला. या वेळी दुसऱ्याच वाहकावर बेतलेल्या एका प्रायोगिक लशीचे डोस युगांडात आधीपासून ठेवलेले होते. ३ फेब्रुवारीला, साथ जाहीर झाल्यावर चारच दिवसांत, संपर्कातल्या माणसांना चाचणीतली लस द्यायला सुरुवात झाली.