शाबासकी कशी द्यावी?

पूर्वी गुरुजी म्हटले की छडी आठवायची. 2009 साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलाला मारणे बंद केले. टोचून बोलून त्याचे मन दुखवणेही बंद केले. मग शिस्त कशी लागणार?

शाबासकीने लागते. पण नुसते "छान, छान" म्हणून भागत नाही. समजा, रोवणीचे दिवस आहेत. आई बांधीत गेली आहे. बंडू धाकट्या बहिणीचे सारे आवरून वेळेवर शाळेत आला. गुरुजींनी तेव्हाच म्हणावे, "बंडू, घरचे काम करून तू वेळेवर आलास. शाबास!" आपण काय चांगले केले, हे पोराला कळते. ते तो पुन्हा करतो.

बक्षीस तर पहिल्या नंबरालाच मिळते. मागे बसणाऱ्या पोराचे नाव वर्षभर फक्त रागावण्यासाठी घेतात. असे पोर एक दिवस दप्तर टाकते अन् ढोरांमागे जाते. त्याच्यातले चांगले मुद्दाम शोधावे लागते.

नियम तीन-चारच असावेत, अन् सगळ्या गुरुजींचे सारखे. एक हसून सोडतो, दुसरा रागावतो, हे काही खरे नाही.

गावच्या सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय तुम्ही काढू शकता.