इवल्या इंजिनाचे दिवे

दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर मीटरगेज मार्ग उभा राहिला. आज त्याची आठवण पाताळपाणी-कालाकुंड घाटात २०१८ साली सुरू झालेली वारसा-गाडी जपते. त्याच मार्गावरील वायडीएम-४ या डिझेल इंजिनाची प्रतिकृती आमच्या एका विद्यार्थ्याने प्रदर्शनात मांडली. आम्ही तोंडभर कौतुक केले. त्याचे आजोबा निवृत्त गार्ड; ते म्हणाले, "गुरुजी, दिवे चुकले." दोन्ही टोकांना पांढरेच दिवे होते. एकटे धावणारे इंजिन पुढे पांढरा नि मागे तांबडा दिवा दाखवते. अंधारात त्याची दिशा त्यावरूनच कळते. ब्रिटनमध्ये तर १९७६ पर्यंत इंजिनाच्या कपाळावरील संकेतांक वाचून सिग्नलवाला गाडी ओळखीत असे.

उपाय सोपा निघाला. रुळांतील प्रवाह उलटला की मोटार उलट फिरते. एलईडी मात्र एकाच दिशेचा प्रवाह जाऊ देतो. म्हणून प्रत्येक टोकास पांढरा व तांबडा एलईडी परस्परविरुद्ध जोडून रोधक बसवला. इंजिन मागे फिरले, तसे दिवेही बदलले. आजोबांनी चष्मा पुसला. विद्यार्थिदशेपासून त्या गाडीने हिंडलेल्या आम्हांस हे कधी दिसलेच नव्हते!