केबलच्या बिलातल्या एका डॉलरने अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सचा नकाशा कसा बदलला?

१ सप्टेंबर २००७, शनिवारचा दिवस. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर शहर. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसली होती. मॅच होती फुटबॉलची. आपल्याकडचा फुटबॉल नाही, तर हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं ते अमेरिकन फुटबॉल.

मिशिगनची टीम तेव्हा देशात पाचव्या नंबरवर होती. समोर होती नॉर्थ कॅरोलिना राज्यातली ॲपलाचियन स्टेट, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणारी टीम. हंगामाची सुरुवात एका सोप्या मॅचने करायची, इतकाच हिशोब होता. पण शेवटच्या सेकंदांत मिशिगनने मारलेली किक अडवली गेली आणि स्कोअरबोर्डवर आकडा राहिला ३४-३२. पाहुणे जिंकले होते. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात धक्कादायक निकालांमध्ये आजही या मॅचचं नाव घेतलं जातं.

गंमत म्हणजे मिशिगनमधल्याच कित्येक घरांत ही मॅच दिसली नाही.

वीज गेली नव्हती की केबल तुटली नव्हती. मॅच ज्या चॅनलवर होती ते बिग टेन नेटवर्क दोनच दिवस आधी, ३० ऑगस्टला सुरू झालं होतं आणि कॉमकास्टसारख्या बड्या केबल कंपन्यांनी ते घेतलंच नव्हतं. ज्यांच्याकडे डायरेक्टीव्हीची डिश होती त्यांना मॅच दिसली. बाकीचे रेडिओला कान लावून बसले.

भांडण होतं महिन्याला साधारण एका डॉलरचं. पण हा डॉलर द्यायचा कुणी, यावरून पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सचा अख्खा नकाशा बदलला.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे आंतर-विद्यापीठ स्पर्धा होतात, पण त्या बघायला खेळाडूंचे मित्र सोडले तर फारसं कुणी जात नाही. अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथल्या अनेक राज्यांत मोठी प्रोफेशनल टीमच नाही. मग विद्यापीठाची टीम हीच राज्याची टीम. आजोबा, वडील आणि नातू एकाच रंगाचा टीशर्ट घालून मॅचला जातात.

ही विद्यापीठं गट करून एकमेकांशी खेळतात. त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. बिग टेन ही त्यातली जुनी कॉन्फरन्स, १८९६ सालची. नावात टेन असलं तरी २००७ मध्ये तिच्यात ११ विद्यापीठं होती. कॉन्फरन्स म्हणजे साधारण शेजारधर्म. बसने जाऊन खेळता येईल आणि खुन्नसही जपता येईल, अशी जवळपासच्या राज्यांतली विद्यापीठं एकत्र यायची.

टीव्हीवर कुठली मॅच दाखवायची हे मात्र कॉन्फरन्सच्या हातात नव्हतं. ते ठरवायची एनसीएए, म्हणजे कॉलेज स्पोर्ट्सची देशपातळीवरची संघटना. स्टेडियममधली गर्दी कमी होईल या भीतीने ती मोजक्याच मॅच दाखवू द्यायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली.

त्यानंतर विद्यापीठं आणि कॉन्फरन्स आपापले हक्क विकायला मोकळे झाले. सुरुवातीला त्यांनी ते मोठ्या चॅनल्सना विकले. मग प्रश्न आला, दुसऱ्याला विकण्यापेक्षा आपलंच चॅनल का काढू नये? २००६ मध्ये माउंटन वेस्ट या कॉन्फरन्सने पहिल्यांदा तसं चॅनल काढलं. पुढच्या वर्षी बिग टेन उतरली आणि तीही फॉक्ससारखा तगडा पार्टनर घेऊन.

चॅनलला पैसे मिळतात कुठून?

खरी मेख इथेच आहे. आपल्याला वाटतं चॅनल जाहिरातींवर चालतं. पण या चॅनल्सची मोठी कमाई असते ती केबल कंपनीकडून. चॅनल केबल कंपनीला सांगतं, माझं चॅनल ज्या ज्या घरात जाईल त्या प्रत्येक घरामागे मला महिन्याला इतके पैसे द्या. केबल कंपनी ते पैसे ग्राहकाच्या बिलात टाकते.

बिग टेन नेटवर्कने आपल्या राज्यांमध्ये घरामागे महिन्याला सुमारे १.१० डॉलर मागितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आकडा किरकोळ वाटतो, पण गणित करून बघा. १० लाख घरं धरली तर वर्षाला १ कोटी ३२ लाख डॉलर होतात. आणि त्या १० लाख घरांपैकी किती घरांनी चॅनल लावलं याच्याशी या पैशांचा काही संबंध नाही. चॅनल घरात पोहोचलं की पैसे सुरू.

चाळीतल्या गणपतीच्या वर्गणीसारखं आहे हे. आरतीला येणारे वीसजण, पण वर्गणी प्रत्येक खोलीकडून. फरक इतकाच की वर्गणीची पावती मिळते. अमेरिकेत केबलच्या बिलात कुठल्या चॅनलचे किती पैसे गेले ते ग्राहकाला दिसतच नाही. आपल्याकडे २०१९ पासून ट्रायच्या नियमामुळे प्रत्येक पे चॅनलची किंमत जाहीर असते आणि हवं ते चॅनल एकेकटं घेता येतं. अमेरिकेतल्या केबलमध्ये तसा नियम नाही. पॅक घ्यायचा तर अख्खा घ्यायचा.

म्हणून २००७ चं भांडण फक्त भावाचं नव्हतं. चॅनल कुठल्या पॅकमध्ये टाकायचं, यावरून ते जास्त पेटलं. कॉमकास्टचं म्हणणं होतं, मोठ्या मॅच तर दुसऱ्या चॅनल्सवर जातात, मग उरलेल्या मॅचसाठी सगळ्या ग्राहकांना भुर्दंड कशाला? ज्याला हवं त्याने वेगळा स्पोर्ट्स पॅक घ्यावा. बिग टेनचे कमिशनर जिम डेलनी मात्र बेसिक पॅकवर अडून बसले. कारण सरळ होतं. स्पोर्ट्स पॅक घेणारे थोडे, बेसिक पॅक सगळ्यांकडे. चॅनल स्पोर्ट्स पॅकमध्ये गेलं असतं तर वर्गणी फक्त आरतीला येणाऱ्यांकडून मिळाली असती.

२००७ चा अख्खा फुटबॉल हंगाम या ओढाताणीत गेला. चाहत्यांचे फोन मात्र केबल कंपन्यांना जात होते, कारण बिल त्यांना भरायचं होतं. शेवटी जून २००८ मध्ये कॉमकास्टने आणि ऑगस्टमध्ये टाइम वॉर्नर केबलने करार केला. बिग टेनच्या राज्यांमधल्या ग्राहकांच्या घरात चॅनल पोहोचलं आणि कॉन्फरन्सला पैशाचा नवा नळ मिळाला.

मग नकाशा बदलायला लागला

या चॅनल्सचा भाव सगळीकडे सारखा नसतो. कॉन्फरन्सचं विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथे भाव जास्त, बाहेर अगदी कमी. आता कॉन्फरन्स चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. कमाई वाढवायची तर काय कराल? नव्या राज्यातलं एखादं विद्यापीठ आपल्यात घ्याल. त्याची टीम कशी खेळते यापेक्षा त्याच्या आजूबाजूला केबलची घरं किती, हे आधी बघाल.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बिग टेनने दोन नवी नावं जाहीर केली, मेरीलँड आणि रटगर्स. मेरीलँड म्हणजे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरचा परिसर. रटगर्स न्यू जर्सीत, म्हणजे न्यूयॉर्कच्या दारात. रटगर्सचा मान मोठा, १८६९ मध्ये कॉलेज फुटबॉलची पहिली मॅच त्यांनीच प्रिन्स्टनविरुद्ध खेळली. पण बिग टेनला त्यांचा इतिहास नको होता, न्यूयॉर्कच्या परिसरातले सेट टॉप बॉक्स हवे होते, हे तेव्हा उघडपणे बोललं गेलं.

बाकीचेही मागे राहिले नाहीत. टेक्सास विद्यापीठाने तर २०११ मध्ये एकट्याचं चॅनल काढलं, लाँगहॉर्न नेटवर्क. ईएसपीएनने त्यासाठी २० वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार केला. शेजारचं टेक्सास ए अँड एम यावर चिडलं आणि पुढच्याच वर्षी कॉन्फरन्स सोडून दक्षिणेकडच्या एसईसीमध्ये गेलं. २०१४ मध्ये एसईसी नेटवर्क सुरू झालं, २०१९ मध्ये एसीसी नेटवर्क. ही दोन्ही चॅनल्स ईएसपीएनची. त्यामुळे केबल कंपनी बोलणी करायला बसली की समोर एकटं कॉलेजचं चॅनल नसतं, ईएसपीएनसारखं बलाढ्य चॅनलही असतं. तरीसुद्धा कॉमकास्टच्या ग्राहकांना एसीसी नेटवर्क मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला.

ज्यांनी एकट्याने उडी मारली

पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ ही १९१५ पासूनची परंपरा सांगणारी कॉन्फरन्स. स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, बर्कली ही सगळी मातब्बर विद्यापीठं तिच्यात होती. कमिशनर लॅरी स्कॉट यांच्या काळात ऑगस्ट २०१२ मध्ये तिने एक नाही, सात चॅनल्स काढली. एक देशभरासाठी आणि सहा वेगवेगळ्या भागांसाठी. विशेष म्हणजे कुणी पार्टनर घेतला नाही. नफा वाटून कशाला द्यायचा, हा विचार.

नफा वाटावा लागला नाही, पण बोलणी करताना पाठीशी कुणी उभंही राहिलं नाही. डायरेक्टीव्हीने ही चॅनल्स घेतली नाहीत, ती शेवटपर्यंत. फॉक्स किंवा ईएसपीएन पाठीशी असतं तर दबाव टाकता आला असता. इथे तसं काहीच नव्हतं. पॅक-१२ ची विद्यापीठं बिग टेन आणि एसईसीच्या तुलनेत कमाईत मागे पडत गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात टीव्हीचा नवा करार शोधताना पॅक-१२ पुढे ॲपलची ऑफर आली. चॅनल नाही, केबल नाही, थेट स्ट्रीमिंग. पण हमीची रक्कम अपेक्षेपेक्षा कमी होती आणि पुढची कमाई किती लोक पैसे भरून बघतील त्यावर अवलंबून होती. म्हणजे वर्गणी फक्त आरतीला येणाऱ्यांकडून. ४ ऑगस्ट २०२३ ला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी कोलोरॅडोपाठोपाठ बिग १२ गाठली. स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीमध्ये गेली. एसीसीचं पूर्ण नाव अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स आणि ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ.

मागे राहिली फक्त दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. छोट्या शहरांतली विद्यापीठं. त्यांच्या आजूबाजूला टीव्हीचं मोठं मार्केट नव्हतं, म्हणून त्यांना मोठ्या कॉन्फरन्सकडून बोलावणं आलं नाही. ३० जून २०२४ ला पॅक-१२ ची चॅनल्स बंद झाली. या दोघांनी नवी विद्यापीठं जोडून २०२६ पासून कॉन्फरन्स पुन्हा उभी करायचं ठरवलं, पण जुने शेजारी गेले ते गेलेच.

आज बिग टेनमध्ये १८ विद्यापीठं आहेत, न्यू जर्सीपासून सिएटलपर्यंत. याचा त्रास फुटबॉलपेक्षा बाकीच्या खेळांना जास्त. फुटबॉलची मॅच आठवड्याला एक. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरापोरींना आठवड्याच्या मधल्या वारी अर्धा देश ओलांडून खेळायचं आणि परत येऊन वर्गात बसायचं आहे.

आणि आता केबलच आटतेय

या सगळ्या हिशोबाच्या तळाशी एक गोष्ट होती, घरोघरी असलेली केबल. एकेकाळी अमेरिकेत साधारण १० कोटी घरांत केबल किंवा डिश होती. स्ट्रीमिंग आल्यावर लोक ती काढायला लागले. घरं कमी झाली की घरामागचे पैसेही कमी. मग उरलेल्या घरांसाठी चॅनलवाले भाव वाढवून मागतात, कंपन्या नाही म्हणतात आणि चॅनल्स बंद होतात.

यातल्या वेळा बघा. ३१ ऑगस्ट २०२३ ला चार्टरच्या ग्राहकांची ईएसपीएनसह डिस्नेची चॅनल्स गेली, तेव्हा फ्लोरिडा आणि युटाची कॉलेज मॅच चालू होती. १ सप्टेंबर २०२४ ला डायरेक्टीव्हीवरून ती गेली, त्या दिवशी यूएससी आणि एलएसयूची मॅच होती. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी यूट्यूब टीव्हीवरून ती गेली, तेव्हा फुटबॉलचा हंगाम ऐन भरात होता आणि एसईसी आणि एसीसी नेटवर्कही त्यात गेलं. ते भांडण मिटायला १४ नोव्हेंबर उजाडला. बोलणी फिसकटायची तर ती मॅचच्या दिवसांतच फिसकटतात, कारण चाहत्यांचा आरडाओरडा तेव्हाच सगळ्यात जास्त कामाला येतो.

ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएनने केबलशिवाय थेट ग्राहकाला स्ट्रीमिंग द्यायला सुरुवात केली. एसईसी आणि एसीसी नेटवर्कसकट त्यांची सगळी चॅनल्स त्यात मिळतात. भाव महिन्याला २९.९९ डॉलर.

कॉमकास्ट २००७ मध्ये म्हणत होती, ज्याला मॅच बघायच्या त्यानेच पैसे भरावेत. आता तो दिवस येतोय. फक्त तेव्हा न बघणारे शेजारी एक-एक डॉलर भरायला सोबत होते. ते निघून गेले, आणि मॅच बघणाऱ्याच्या हातात तीस डॉलरचं बिल आलं.