जर्मनीत लहान मुलांसह राहायला जाताना

जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. या नोंदीचा कागद हाती नसेल तर पुढची बरीच कामं अडतात.

मुलाला वर्ष पूर्ण झालं की ‘किटा’त, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. तरी मोठ्या शहरांत वाट पाहावी लागते. अर्ज लवकर करावा. १ मार्च २०२० पासून गोवरच्या लसीचा पुरावाही सक्तीचा आहे. मुलाचं लसीकरण कार्ड विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मुलाला रुळवण्याची तिथली रीत. ‘बर्लिन पद्धती’त पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गातच थांबतात. चौथ्या दिवशी ते थोडा वेळ बाहेर जातात, तेही मुलाचा निरोप घेऊन. मूल किटातल्या ताईंकडून शांत होत नसेल तर पालकांना लगेच आत बोलावतात. होत असेल, तर ही वेळ हळूहळू वाढवतात. यात काही आठवडे जातात. रडणाऱ्या मुलाला दारात सोडून पाठ फिरवणं आपल्याकडे सर्रास चालतं. आजूबाजूची भाषाच कळत नसलेल्या मुलावर तर तो अन्यायच आहे. आई-बाबा दोघांनाही नोकरी असेल तर एकाने तरी हे आठवडे मोकळे ठेवावेत.

जर्मन भाषा मुलं किटात खेळता खेळता उचलतात. घरात मात्र मराठीच बोला. फोनवर आजीशी गप्पा मारायला तीच लागणार आहे.