गाडी दारात येण्याआधी: घरच्या चार्जिंगची तयारी

आमच्या बचत गटांच्या मासिक बैठकीत कर्जाच्या मागण्या आता बदलू लागल्या आहेत. शेळ्या, शिलाई मशीन आणि मुलांची फी या यादीत इलेक्ट्रिक स्कूटी आली, ई-रिक्षा आली, आणि एखाद्या घरी चारचाकीचीही बोलणी सुरू झाली. मागणी करणाऱ्या ताईला गाडीची किंमत, हप्ता, विमा सगळं तोंडपाठ असतं. पण "घरी चार्ज कुठे करणार?" असं आम्ही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "आहे की ओसरीत बोर्ड!"

त्या बोर्डाविषयीच आज बोलू या. सांगायचं ते थोडक्यात असं, की चार्जर सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी आपलं रोजचं अंतर, मग मीटर, मग वायर आणि अर्थिंग. हे तीन नीट असतील तर साध्या चार्जरवरही गाडी वर्षानुवर्षं सुखात चालते. हे तीन कच्चे असतील तर महागातला चार्जरही घराला वाचवू शकत नाही.

चार्जर म्हणजे नेमकं काय?

घरात येते ती एसी वीज. बॅटरीत साठते ती डीसी. एसीची डीसी करणारं यंत्र म्हणजे चार्जर. बहुतेक स्कूटींबरोबर तो वेगळा डबा म्हणून मिळतो. चारचाकीत मात्र तो गाडीच्या आतच बसवलेला असतो. भिंतीवर लावतात त्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण घरच्या बाबतीत तो खरा एक हुशार आणि सुरक्षित स्विच असतो. गाडी नीट जोडली आहे का, अर्थिंग आहे का, हे तपासून तो वीज आत सोडतो.

हे कळलं की पैसे वाचतात. घरासाठी साधारण दोन पर्याय असतात. पहिला, गाडीबरोबर येणारी केबल, जी १५ किंवा १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटला लागते आणि साधारण ३.३ किलोवॅटने चार्ज करते. दुसरा, भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स, त्याला ३२ अँपिअरची लाइन लागते. आता गाडीच्या आतला चार्जरच ३.३ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर ७.२ चा डबा लावून गाडी जराही लवकर भरणार नाही. नळाची तोटी लहान असेल तर टाकी कितीही मोठी बसवली तरी हंडा तेवढ्याच वेळात भरतो, तसंच हे. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारा: "या गाडीतला एसी चार्जर किती किलोवॅटचा आहे?"

रोजचं अंतर मोजा

वही-पेन जवळ घ्या. लहान चारचाकी एका युनिटमध्ये साधारण ६ ते ८ किलोमीटर जाते. रस्ता, एसी आणि वजन यावर ते कमीजास्त होतं. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर असेल तर ५ ते ७ युनिट लागतात, चार्ज करताना थोडी वीज वाया जाते ती वेगळी. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला जवळपास ३ युनिट भरतात. म्हणजे अडीच तासांत दिवसाचं काम झालं. रात्री आठ तास गाडी लावून ठेवली, तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरची सोय होते.

स्कूटीचा हिशोब याहून सोपा. एका युनिटमध्ये साधारण ३० ते ४० किलोमीटर. शाळा, बाजार, बँक धरून रोज ३० किलोमीटर झालं तरी महिन्याला तीस-पस्तीस युनिटच्या पुढे जात नाही. स्कूटीसाठी कुणी वॉल बॉक्स गळ्यात मारत असेल तर हात जोडा आणि पुढे चला.

७.२ किलोवॅटचा डबा कुणाला लागतो? ज्यांची गाडी दिवसाला दोनशेच्या आसपास किलोमीटर धावते, ज्यांची बॅटरी मोठी आहे, किंवा ज्यांच्याकडे वीज थोडेच तास नीट येते आणि तेवढ्यातच गाडी भरून घ्यायची आहे, त्यांना. बाकीच्यांनी तो पैसा वायरिंगमध्ये घालावा.

मीटर काय म्हणतं?

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. घरी गेल्यावर बघा. जुन्या घरांत तो एक किलोवॅट किंवा त्याहूनही कमी सापडतो. चारचाकी एकटीच ३.३ किलोवॅट मागते. त्यात पाण्याची मोटर, गिझर, इस्त्री एकदम सुरू झाली तर भार कितीवर जाईल ते तुम्हीच मोजा. अशा वेळी आधी भार वाढवून घेण्याचा अर्ज करायचा. तो ऑनलाइनही करता येतो. वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागतात, तो परवानाधारक विद्युत ठेकेदार देतो. काही विचारायचं असेल तर १९१२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

"गाडीसाठी वेगळं मीटर घ्यावंच लागतं का?" असं बऱ्याच जणी विचारतात. नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपली गाडी आपल्या घरच्या जोडणीवर चार्ज करायला मुभा आहे.

बिलाचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. घराचा वापर ९० युनिट असेल आणि गाडीने १७० वाढवले, तर बिल २६० युनिटचं. गाडीचे जवळजवळ सगळे युनिट दुसऱ्या, महाग टप्प्यात पडतात. तेव्हा खर्च काढताना बिलावरचा पहिला स्वस्त दर धरू नका, पुढच्या टप्प्याचा धरा. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं, पण हप्ता ठरवताना आकडा खरा हवा. ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांनी शक्य असेल तेव्हा गाडी दिवसा लावावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं आहे. गाडी आणि सोलर दोन्ही मनात असेल तर हिशोब एकत्रच मांडा.

आणखी एक सावधगिरी. आपल्या दारात शेजारणींच्या गाड्या चार्ज करून पैसे घ्यायची कल्पना चांगली आहे, पण घरगुती मीटरवर नाही. तो व्यवसाय झाला. घरगुती वीज दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. गटाला असा उद्योग करायचा असेल तर चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी.

खरा जीव अर्थिंगमध्ये

मिक्सर पाच मिनिटं चालतो. गिझर अर्धा तास. गाडी सहा-सहा, आठ-आठ तास सलग वीज ओढते. जो बोर्ड मिक्सरला वर्षानुवर्षं पुरला, तो गाडीला एका रात्रीत दगा देऊ शकतो. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी एक्स्टेन्शन बोर्डावर स्कूटी लावली होती. सकाळी पिन काढायला गेल्या, तर प्लास्टिक वितळून पिन आतच चिकटली होती. बोर्ड उघड्या अंगणात होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. पडद्याजवळ असता तर?

म्हणून गाडीची लाइन वेगळी, थेट मेन बोर्डापासून. १५-१६ अँपिअरच्या पॉइंटला ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरला निदान ६ ची. अंतर लांब असेल तर त्याहून जाड. त्या लाइनवर दुसरं काहीही जोडायचं नाही. एक्स्टेन्शन नको, जुनी ॲल्युमिनियमची वायर नको, पिन ढिली बसेल असा स्वस्तातला सॉकेट नको. नवी लाइन झाली की पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने सॉकेटच्या बाहेरच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर चार्जिंग बंद करा आणि वायरमनला बोलवा.

या लाइनवर दोन रखवालदार हवेत. एमसीबी वायरला वाचवते: भार जास्त झाला की खटका पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवते: वीज गळून अंगातून किंवा गाडीच्या पत्र्यातून जमिनीकडे जायला लागली की क्षणात पुरवठा तोडते. ती ३० मिलिअँपिअरची मागा. तिच्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ती नुसती शोभेची आहे.

आता अर्थिंग. सॉकेटला वरचं मोठं तिसरं भोक असतं ते अर्थिंगचं. कितीतरी घरांत त्याच्या मागे तारच नसते. कुठे ती तार भिंतीबाहेर लोंबकळते, कुठे नळाच्या पाइपला गुंडाळलेली असते. चारचाकीचा चार्जर हे ओळखतो आणि लाल दिवा दाखवून चार्ज करायला नकार देतो. इथेच एक घातक युक्ती केली जाते. बोर्डाच्या आत अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून टाकतात. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होऊ लागते, सगळे खूश. पण एखाद्या दिवशी मागे न्यूट्रल तुटला, की गाडीच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते. आणि गाडीला पहिला हात कुणाचा लागतो? अंगण झाडणाऱ्या बाईचा, नाहीतर तिथे खेळणाऱ्या पोराचा.

तेव्हा वायरमनला स्पष्ट म्हणा, "भाऊ, बोर्ड उघडून दाखवा. ही हिरवी तार कुठून कुठे जाते, खड्ड्यापर्यंत दाखवा." अर्थिंगचा खड्डा नवा करून घ्या, मोजणीयंत्राने ओहममध्ये मोजून घ्या. आकडा जितका कमी तितकं चांगलं, साधारण ५ च्या आत असावा. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. तुळशीला घालताना एक तांब्या तिकडेही.

जागा कुठली?

पॉइंट पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा ठिकाणी, लहान मुलांच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर. बाहेर लावायचा तर झाकणाचा, पाणी न शिरणारा. जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं तिथे त्या खुणेच्या बराच वर. पत्र्याच्या शेडखाली गाडी लावत असाल तर शेडचा सांगाडाही अर्थ करून घ्या.

स्कूटीची बॅटरी काढून घरात आणणाऱ्यांसाठी खास सांगणं. चार्जिंगला लावलेली बॅटरी दाराच्या वाटेत, जिन्याखाली, पलंगापाशी किंवा गॅसजवळ ठेवू नका. काही झालं तर आपली बाहेर पडायची वाट मोकळी हवी. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरा. उन्हातून आल्या आल्या लावू नका, बॅटरी अर्धा तास निवू द्या. बॅटरी फुगली, वास आला, पडून चेपली, तर ती चार्ज न करता सर्व्हिस सेंटरला दाखवा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत लाइन नेण्याची परवानगी लेखी मागावी. भाड्याच्या घरात मालकाला आधी विचारावं, आणि वायरिंगचा खर्च कुणाचा ते कागदावर आणावं.

पैशांचं बोलू

चारचाकी घेताना "चार्जर फ्री" सांगतात. विचारा, बसवणं फ्री आहे का? वायर किती मीटरपर्यंत? अर्थिंगचा खड्डा त्यात आहे का? उत्तर कागदावर घ्या. वायरिंगचं इस्टिमेट दोन ठिकाणांहून आणा. काम परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

आमच्या गटांत आम्ही आता एक नियम केला आहे. गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईने वायरिंग आणि अर्थिंगचं इस्टिमेट अर्जाला जोडायचं, आणि तो खर्च कर्जातच धरायचा. सुरुवातीला कुरकुर झाली, "एवढ्याशा तारेला एवढे पैसे?" पण गाडीचा हप्ता सुरू झाल्यावर हातात काही उरत नाही, आणि मग तार राहून जाते ती राहूनच जाते. तुमच्याही गटात पुढच्या बैठकीला हा विषय घ्या. गाडीचा अर्ज समोर आला की पाच प्रश्न विचारा: रोज किती किलोमीटर, बिलावर मंजूर भार किती, लाइन वेगळी आहे का, आरसीसीबी आहे का, आणि अर्थिंगचा खड्डा कुणी डोळ्यांनी पाहिला आहे का. पाचही उत्तरं मिळाली की मग खुशाल गाडीचा रंग निवडायला बसा.

पुढच्या भागात विम्याच्या कागदांविषयी बोलू. तोवर नमस्कार.