चित्र मागे का पडते?

स्मार्टफोनचा पडदा वाय-फायने दूरचित्रवाणी संचावर दाखवता येतो. पण तसा दाखवून क्रिकेटचा खेळ खेळून पाहा. बोट फोनवर फिरते आणि संचावरची बॅट किंचित उशिरा हलते! रेडिओलहरी तर प्रकाशाच्या वेगाने जातात. पाच मीटरची खोली ओलांडायला त्यांना सेकंदाचा सहा-कोटीवा भाग पुरतो. मग उशीर कुठे होतो?

थोडा हिशेब करू. १९२० × १०८० म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार सुमारे ३ अब्ज बिट येतो. घरच्या वाय-फायला हा भार सहसा पेलत नाही. म्हणून फोन चित्र आधी आवळतो. जो भाग बदललेला नाही, तो पुन्हा पाठवायचा नाही. जो नुसता सरकला, त्याचे सरकणे तेवढे कळवायचे. संच ते उलगडून चित्र पुन्हा उभे करतो. वेळ जातो तो या आवळण्या-उलगडण्यात. २०१२ साली आलेल्या मिराकास्ट पद्धतीत असेच घडते.

यूट्यूब ‘कास्ट’ करणे मात्र निराळे. तेथे फोन केवळ चित्रफितीचा पत्ता देतो; संच ती इंटरनेटवरून स्वतः आणतो. फोनचा पडदा बंद केला तरी चित्र चालूच राहते.

विलंब मोजायचा आहे? फोनवर शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच सुरू करून तो पडदा संचावर दाखवा. दुसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचे एकच छायाचित्र घ्या. आकड्यांतला फरक म्हणजे विलंब. अशी पाच-सहा छायाचित्रे घेऊन सरासरी काढा. फोनला सोय असेल (सगळ्यांना नसते), तर एचडीएमआय तारेने जोडून हाच प्रयोग पुन्हा करा.