सहा घरांचं सिलिंडर किती टिकतं?

१९५५ साली अमेरिकेत दोन रिव्हॉल्व्हर बाजारात आली. एक कोल्टचं ‘पायथन’, दुसरं स्मिथ अँड वेसनचं ‘कॉम्बॅट मॅग्नम’, म्हणजे पुढचं ‘मॉडेल १९’. दोन्हींत .३५७ मॅग्नमचं काडतूस चालायचं आणि दोन्हींचे भाग कारागिरांनी हातानं जुळवलेले असायचे. ‘तेव्हाचा माल तो माल’ म्हणणारे शौकीन आजही याच जोडीकडे बोट दाखवतात. गंमत अशी, की दोन्हींना एकेक जुनाट दुखणं होतं.

मॉडेल १९ पोलिसांसाठी होतं. दिवसभर कमरेला वागवायचं, म्हणून चौकट मध्यम आकाराची ठेवली. सिलिंडर बाहेर काढणाऱ्या दांडीला जागा करून द्यायला नळीचं मागचं टोक खालच्या बाजूनं सपाट तासलं. आता गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते ती नेमकी इथंच, आणि तिच्या मागून जळत्या दारूचा लोटही इथंच येतो. बरीच वर्षं काही बिघडलं नाही, कारण पोलीस सराव करायचे तो .३८ स्पेशलच्या मवाळ काडतुसांवर. त्यांचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड, मॅग्नमचा ३५,०००. पुढे सरावही खऱ्या काडतुसांनी होऊ लागला, त्यातही १२५ ग्रेनच्या, म्हणजे आठेक ग्रॅमच्या हलक्या गोळ्यांनी. मग त्या तासलेल्या जागी तडे दिसू लागले. १९८० च्या सुमारास कंपनीनं थोडी मोठी चौकट काढली, ती याच दुखण्यावरचा उतारा म्हणून.

पायथनची तक्रार वेगळी. चाप ओढला की आतला एक छोटा पंजा सिलिंडरला ढकलतो आणि घोडा पडताना काडतुसाचं घर नळीच्या बरोबर समोर आलेलं असतं. पायथनमध्ये हा पंजा शेवटच्या क्षणापर्यंत सिलिंडरला दाबून धरतो. नेमबाजीला हे उत्तमच, पण पंजाचं टोक झिजतं आणि ‘टायमिंग’ जातं. नळी शाबूत, चौकट शाबूत, तरी कसबी कारागिराचं दार ठोठावावं लागतं.

त्याआधीच्या काळाचं तर विचारूच नये. १८४७ च्या दोन किलो वजनाच्या ‘वॉकर’ कोल्टची सिलिंडरं फुटत. १८७३ चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ बरंच सुधारलेलं, पण त्याच्या सुरुवातीच्या चौकटी लोखंडीच होत्या. आतल्या स्प्रिंगा ट्रकच्या पाट्यांसारख्या चपट्या, आणि पाट्यांसारख्याच त्या तुटायच्याही. बिनधुराची दारू झेपेल अशी हमी कोल्टनं दिली ती १९०० मध्ये. त्यात जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत उरायचा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसं त्यालाही सुटायचं आणि नळी आतून गंजायची. तरीही शंभरी ओलांडलेले कितीतरी नग आज चालतात. कारण साधं आहे: त्यांना पेलायचा दाब कमी होता, आणि तुटलेली स्प्रिंग पेचकस घेऊन बदलता यायची.

१९५५ मध्येच रुगर कंपनीनं ‘ब्लॅकहॉक’ काढलं, तेही ‘सिंगल ॲक्शन आर्मी’च्याच घाटाचं, पण आत तारेच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा घालून. पाट्यांचं दुखणं तिथंच संपलं. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या ‘जीपी १००’ च्या चौकटीला बाजूचं झाकणच नाही. ती एकसंध ओतीव आहे. ओतीव म्हटलं की जुन्या शौकिनांची नाकं मुरडतात. पण चांगल्या मिश्रपोलादाला नीट पाणी दिलं, तर ते साचातून आलं की घणाखालून, याला फारसं महत्त्व उरत नाही.

मजबुतीचा एक हिशेब तर निव्वळ भूमितीचा आहे. सिलिंडर जागच्या जागी अडकावं म्हणून त्यावर बाहेरून खाचा असतात. स्मिथ अँड वेसनच्या सहा घरांच्या सिलिंडरमध्ये खाच बरोबर घरावर येते, म्हणजे भिंत जिथं आधीच पातळ तिथंच. पाच घरं केली की खाच दोन घरांच्या मधल्या जाड भागावर सरकते.

मग नवं ते टिकाऊ म्हणायचं? सरसकट नाही. स्मिथ अँड वेसनचं ‘३४० पीडी’ जेमतेम साडेतीनशे ग्रॅमचं आहे: स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमची चौकट आणि टायटॅनियमचं सिलिंडर. १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका, अशी ताकीदच नळीवर कोरलेली असते. खिशात बाळगायला छान, रोजच्या सरावाला नाही. कानपूरच्या आयुध कारखान्यानं २०१४ मध्ये आणलेलं टायटॅनियम मिश्रधातूचं ‘निर्भीक’ अर्ध्या किलोचं आहे. पण त्यात काडतूस .३२ चं, दाबानं सौम्य. त्यामुळे दोघांची तुलना नुसत्या वजनावरून करता येत नाही.

हजारो मॅग्नम काडतुसं झाडायची असतील, तर १९८० नंतरचं जड पोलादी रिव्हॉल्व्हरच सरस. १९५५ च्या त्या जोडीच्या कंपन्यांनीही हे मान्य केल्यासारखंच आहे. २०२० मध्ये पायथन परत आलं ते स्टेनलेस स्टीलमध्ये, कमी सुट्या भागांचं आणि वरची पट्टी जाड करून. त्याआधी २०१८ मध्ये मॉडेल १९ परतलं होतं. त्याच्या नळीचं मागचं टोक आता खालून तासलेलं नाही.